मांडवात टिकेल असा लॅपटॉप कसा निवडायचा

मागच्या हंगामापर्यंत जो लॅपटॉप मी पाठीवर वागवत होते, तो एकदा गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. दोन किलो चारशे. मग शेजारी चार्जर ठेवला. दुकानदार चष्मा सावरत म्हणाला, "ताई, सव्वातीन धरा." त्यात कार्ड रीडर, दोन डिस्क, हेडफोन आणि पाण्याची बाटली धरा, आणि ही सगळी मोट घेऊन अकोला ते रिसोड एसटीत उभ्याने जा. मग पाठ कोणाची बोलणार नाही?

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. पूर्वी फुटेज घरी यायचं, महिन्याभराने पार्टीला, म्हणजे लग्नघरच्यांना, पेनड्राइव्ह जायचा. आता पार्टीला सेम डे एडिट लागतं. सकाळची हळद आणि दुपारचं लग्न संध्याकाळी रिसेप्शनच्या एलईडी वॉलवर दिसलं पाहिजे. म्हणजे मी कार्यालयातल्या त्या खोलीत बसते, जिथे वरपक्षाच्या बॅगा, रुखवताची ताटं आणि झोपलेली पोरं असतात. तिथे लॅपटॉप चालला पाहिजे. शोरूमच्या एसीत तर सगळेच चालतात.

या कामासाठी माझे दोन लॅपटॉप चुकले, तिसरा जमला. पहिला फार बारीक होता, दुसरा फार जाड. पुढे लिहिलंय ते त्या दोघांनी शिकवलेलं.

आधी आपल्या फुटेजची कुंडली काढा

दुकानात जायच्या आधी एक काम घरी बसून करायचं: आपला कॅमेरा नेमकं काय रेकॉर्ड करतो ते बघायचं. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात क्लिप टाकली की सगळी कुंडली समोर येते. माझी अशी: एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), ४के, सेकंदाला ५० फ्रेम, १०-बिट, ४:२:२, सेकंदाला २०० मेगाबिट. म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट, तासाला ९० जीबी. दोन कॅमेऱ्यांचे तीन-तीन तास धरले की ५४० जीबी झाले. ५१२ जीबीची डिस्क असलेला लॅपटॉप "सफिशियंट आहे मॅडम" म्हणणाऱ्या विक्रेत्याला हा हिशेब तिथेच करून दाखवावा.

या कुंडलीतला खरा मंगळ म्हणजे ४:२:२. मोबाइलचं नेहमीचं फुटेज ४:२:० असतं, ते आजचा बरा लॅपटॉप हसत खेळत चालवतो. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती त्याच्या दुप्पट असते. ती उलगडायला चिपमध्ये वेगळी सोय लागते. सोय नसेल तर सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं आणि टाइमलाइन, म्हणजे क्लिप मांडायची एडिटिंगची पट्टी, बैलगाडीसारखी चालते. माझ्या पहिल्या लॅपटॉपचं हेच झालं. चिप नवीकोरी, आकडे झकास, पण दोन कॅमेऱ्यांचे ट्रॅक एकावर एक ठेवले की नवरदेव घोड्यावर गोठायचा.

तेव्हा हे बघा. एच.२६५ चं ४:२:२ इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांमधल्या आतल्या ग्राफिक्सला उलगडतं. अ‍ॅपलच्या एम मालिकेला उलगडतं. एनव्हिडियाने ही सोय आपल्या ग्राफिक्स कार्डांच्या आरटीएक्स ५० मालिकेत दिली, ४० मालिकेत ती नाही. एएमडीचे रायझन एरवी उत्तम आणि बॅटरीलाही चांगले, पण त्यांच्या आतल्या ग्राफिक्सला ४:२:२ जमत नाही, त्यामुळे जोडीला आरटीएक्स ५० हवं. आणखी एक खोच आहे. कॅमेरा ४:२:२ फुटेज एच.२६४ मध्ये टाकत असेल, तर इंटेलच्या बहुतेक चिपांचाही उपयोग नाही. पुष्कळदा कॅमेऱ्याच्या मेन्यूत फॉरमॅट बदलून एच.२६५ करता येतो. लाखाचा लॅपटॉप घेण्याआधी तो मेन्यू एकदा उघडून बघायला पैसे पडत नाहीत. डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर विंडोजवर या सोयीसाठी त्याची विकतची स्टुडिओ आवृत्ती लागते, तेही बजेटमध्ये धरा. पैसे एकदाच भरायचे असतात, दरवर्षी नाही.

"प्रॉक्सी कर ना," असं मला सगळे सांगतात, म्हणजे फुटेजची हलकी प्रत बनवून तिच्यावर एडिट कर. घरी करतेच. पण दोन वाजता मंगलाष्टकं संपतात आणि सात वाजता वॉलवर फिल्म लागते, त्यात प्रॉक्सी कधी बनवू?

नाव एक, ताकद वेगळी

प्रोसेसरवर मी फार वेळ घालवत नाही. आय-किती, अल्ट्रा-किती यापेक्षा शेवटचं अक्षर बघते. इंटेलमध्ये यू म्हणजे वीज वाचवणारा, एच म्हणजे काम करणारा, एचएक्स म्हणजे काम करणारा पण खादाड. हलक्या लॅपटॉपसाठी एच ठीक.

ग्राफिक्स कार्डात मात्र लोक हमखास फसतात. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कंपनीच्या मर्जीप्रमाणे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीवरही चालतं. बॉक्सवरचं नाव तेच. एकाच दावणीचे दोन बैल, एकाला पोटभर वैरण आणि दुसऱ्याला मूठभर. बारीक लॅपटॉपमध्ये मूठभर देतात, कारण जास्त दिली तर ती उष्णता काढायला आत जागाच नसते. हा आकडा विक्रेत्याला बहुधा माहीत नसतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये गेलात की कमाल पॉवर किती ते दिसतं. १४ इंची, दीड-पावणेदोन किलोच्या लॅपटॉपमध्ये ८०-९० वॉट मिळत असतील तर सौदा बरा. आणि ४०६० की ४०७० यावर झोप उडवू नका. लॅपटॉपमध्ये दोघांनाही मेमरी ८ जीबीच असते.

आता उष्णता. अ‍ॅपल त्यांच्या लॅपटॉपसाठी १० ते ३५ अंशांची हवा लिहूनच देतं, इतर कंपन्याही त्याच्याच आसपास सांगतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला असतो आणि नेमके लग्नाचे मुहूर्तही तेव्हाच. पंखा थंड करायला जी हवा आत ओढतो, तीच भट्टीतली. वाशीमच्या एका लग्नात माझ्या त्या बारीक लॅपटॉपने एक्स्पोर्ट (तयार फिल्मची फाइल काढणं) साठ टक्क्यांवर नेलं आणि मग जे रेंगाळलं, ते रेंगाळलंच. चिप जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करत होता. मी खाली दोन पुस्तकं सरकवली, नवरीच्या मामांनी कूलरचं तोंड माझ्याकडे फिरवलं, तरी शेवटी वॉलवर फोटोंचा स्लाइड शो लावून वेळ मारून न्यावी लागली. पार्टी काही बोलली नाही. पण पुढच्या बहिणीच्या लग्नाची ऑर्डरही आली नाही.

म्हणून रागारागात जाड, गेमिंगवाला घेतला. तो तापत नव्हता. पण कार्यालयातली वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला दहा मिनिटं लागली आणि तेवढ्यात कळलं, की चार्जर काढला की या पहिलवानाचं वारं निघून जातं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेले बहुतेक विंडोज लॅपटॉप बॅटरीवर आपली ताकद बरीच खाली आणतात, कारण बॅटरीला एका वेळी तेवढी वीज देणं झेपत नाही.

दुकानात काय करायचं

एका छोट्या एसएसडीवर आपल्या खऱ्या कामातली पाच मिनिटांची टाइमलाइन, तिचं फुटेज आणि वापरता त्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर घेऊन जा. डेमो पीस मागा. नागपूरला सीताबर्डीत मी तीन दुकानं फिरले, दोघांनी नाक मुरडलं, तिसऱ्याने खुर्ची दिली. घ्यायचं कुठून हे तिथेच ठरलं.

फुटेज आधी लॅपटॉपच्या डिस्कवर कॉपी करायचं, नाहीतर केबलचा दोष लॅपटॉपच्या माथी येतो. मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये ग्राफिक्सवर क्लिक करायचं आणि टाइमलाइन चालवायची. तिथे व्हिडिओ डिकोड नावाचा आलेख असतो. क्लिप चालताना तो वर चढला आणि सीपीयू शांत राहिला, तर लग्न जमलं. डिकोड सपाट आणि सीपीयू शंभराला टेकला, तर पुढे बोलायचं कारण नाही, चहा पिऊन उठायचं.

त्यानंतर तीच टाइमलाइन लागोपाठ तीनदा एक्स्पोर्ट करायची. पहिली वेळ सगळेच मारतात. मी एका देखण्या लॅपटॉपवर केलं तेव्हा पहिल्यांदा सव्वाचार मिनिटं लागली, तिसऱ्यांदा सहाच्या वर, तेही एसीत. तिसरा आकडाच खरा धरायचा. तिसऱ्या वेळी कीबोर्डवर हात ठेवा, मनगट टेकतं तिथे चटका बसतो का बघा, पंख्याचा आवाज ऐका. मग चार्जर काढून चौथ्यांदा. चौथ्याला तिसऱ्याच्या दुप्पट वेळ लागत असेल तर बॅटरीवर कामाची आशा सोडा.

स्क्रीनसाठी माझी कसोटी हळदीची क्लिप. स्वस्त पॅनेलच्या माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी (रंगांचं एक जुनं माप) असं लिहिलेलं असतं. वाचायला वाईट वाटत नाही, पण ते पॅनेल एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या मापातले जेमतेम दोन तृतीयांश रंग दाखवतं. त्यावर मला हळद मळकट दिसायची, म्हणून मी पिवळा वाढवायची. परतवाड्याच्या एका घरी टीव्हीवर फिल्म लावली तेव्हा नवरी चक्क पिकलेल्या आंब्यासारखी दिसत होती आणि तिची आजी मोठ्याने म्हणाली, "काविळ झाली का वो पोरीले?" तेव्हापासून १०० टक्के एसआरजीबीच्या खाली बघत नाही. उजेड किमान ४०० निट्स, कारण मांडवाच्या कापडातूनही ऊन येतं. ओएलईडीचे रंग सुंदर असतात, पण काच चकचकीत असते आणि काळ्या टाइमलाइनमध्ये मला माझाच घामेजलेला चेहरा दिसत राहतो. मी मॅट घेतली.

रॅम ३२ जीबी घ्या. बारीक लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डालाच डकवलेली असते, नंतर वाढत नाही, म्हणून "आत्ता १६ घेऊ, पुढे बघू" हा विचार तिथे चालत नाही. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट आहेत ते बघता येतं, पण डकवलेल्या रॅमचेही तो कधीकधी स्लॉट म्हणून आकडे दाखवतो, म्हणून मॉडेलचं नाव घेऊन माहितीपत्रक तपासा. डिस्क एक टीबी, आणि आत दुसऱ्या एसएसडीला जागा असेल तर दुधात साखर.

पोर्ट बघताना नुसता टाइप-सी आहे म्हणून मान डोलावू नका. भोक तेच, पण आत ५ गिगाबिट असेल, १० असेल किंवा थंडरबोल्टचे ४०. दहाच्या पोर्टवर चांगली बाहेरची एसएसडी सेकंदाला हजार मेगाबाइटच्या जवळ जाते, त्यावरून थेट एडिट होतं. मोठ्या एसडी कार्डाची खाच असेल तर एक रीडर वाचतो. मायक्रो एसडीची खाच आपल्या कॅमेऱ्याच्या काय कामाची? आणि टाइप-सीवरून चार्जिंग होतंच पाहिजे. १०० वॉटचा छोटा चार्जर बॅगेच्या कप्प्यात मावतो. एक्स्पोर्ट चालू असताना बॅटरी त्यावर हळूहळू उतरते, पण मरत नाही. जुना पाऊण किलोचा ठोकळा रेल्वेच्या सॉकेटला लावायची माझी कधी छातीच झाली नाही.

मॅकचं विचारतील, म्हणून सांगते. बॅटरीवरही तीच ताकद, ही गोष्ट आमच्या कामात सोन्याची आहे. पण एअरमध्ये पंखाच नाही. रीलसाठी छान, मेमधल्या तासाभराच्या फिल्मसाठी नाही. १४ इंची प्रोमध्ये पंखा आहे, वजन दीड किलोच्या आसपास, आणि किंमत आपल्याला माहीतच आहे. मी विंडोजवर राहिले त्याचं कारण साधं: माझी "शुभविवाह", "चि. सौ. कां." वाली टायटलं वर्षानुवर्षं जुन्या मराठी फॉन्टमध्ये साठलेली आहेत. तुमचीही असतील, तर त्यातली चार मॅकवर उघडून बघा आणि मगच ठरवा.

शेवटी माझ्याकडे आला तो १४ इंची, एक किलो सातशेचा. गेमिंगवाल्याइतका वेगवान नाही, पण तिसऱ्या एक्स्पोर्टला पहिल्यापेक्षा फक्त वीस सेकंद जास्त घेतो. त्याच्याखाली जाळीचा स्टँड असतो, आणि मे महिन्यात बसायची जागा मी कूलर बघूनच मागून घेते.

खरेदी जानेवारी-फेब्रुवारीत करा. हंगामाच्या तोंडावर घेतलेल्या लॅपटॉपमध्ये काही खोट निघाली, तर बदलून मिळेपर्यंत निम्मे मुहूर्त जातात. जीएसटी नोंदणी असेल तर बिल त्याच नावावर घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. आणि टाइप-सीचे चार्जर दोन घ्या. दुसरा बॅगेतून काढायचाच नाही, भाच्याने कितीही मागितला तरी.