ऱ्हिओमीटरला हात लावण्याआधी सॉसचा यील्ड स्ट्रेस मोजा

मुंबईत माटुंग्याचं कॉलेज असो की पवईचं, केमिकलची मुलं न्यूटनचे द्रव (पाण्यासारखे, जरा ताण दिला तरी वाहणारे) घोकून येतात आणि सॉफ्ट मटेरिअल्सच्या तासाला टोमॅटो सॉसपाशी अडकतात. बाटली उलटी केली तरी सॉस हलत नाही, मग त्याला घन म्हणायचं का? सॉस वाहायला लागण्यासाठी किमान किती ताण लागतो, म्हणजेच त्याचा यील्ड स्ट्रेस, माझ्या वर्गात हे आधी मोजायचं, वाद नंतर.

त्यासाठी प्रयोगशाळेचं सामान शोधत प्रिन्सेस स्ट्रीट पालथी घालायला नको. काचवाल्याकडून फूटभर काच घ्या, कडा घासलेली. तिच्यावर काळा वॉटर पेपर चिकटवा, खरखरीत बाजू वर. दोन्ही कडांना 5 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून मध्ये सॉस भरा, फूटपट्टीने सपाट करा आणि पट्ट्या अलगद काढा. पंखा बंद ठेवा. मे महिन्यात मुलं कुरकुरतात, पण वाऱ्याने सॉसवर साय धरते आणि कोन खोटा येतो.

आता एक कड हळूहळू उचला. प्रत्येक कोनावर अर्धा मिनिट थांबा. थराची पुढची कड सरकायला लागली की कोनमापक वाचा. घनता, गुरुत्वत्वरण, थराची जाडी आणि कोनाचा साइन यांचा गुणाकार म्हणजे यील्ड स्ट्रेस. घनता 1100 किलो प्रति घनमीटर आणि कोन 25 अंश असेल, तर उत्तर साधारण 23 पास्कल.

खरी गंमत वॉटर पेपर काढल्यावर. गुळगुळीत काचेवर तोच सॉस कितीतरी कमी कोनात, अख्खा थर एकदम, घसरतो. सॉस वाहिलेलाच नसतो. काचेलगत पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि वरचा थर त्यावरून निसटतो. याला वॉल स्लिप म्हणतात. पदार्थ कसा वाहतो ते मोजणाऱ्या महागड्या ऱ्हिओमीटरच्या गुळगुळीत प्लेटवरही हेच होतं, फक्त तिथे ते दिसत नाही. छान आलेख मिळतो आणि पोरं खूश.

बाटली जोरात हलवून पुन्हा मोजा, कोन बहुधा उतरेल. अर्ध्याऐवजी पाच मिनिटं थांबलात तरी उत्तर बदलू शकतं. मार्कस रायनर यांचा डेबोरा नंबर नेमकं हेच विचारतो: पदार्थाला सैल व्हायला लागणारा वेळ मोठा, की तुमचा बघण्याचा?

म्हणून जर्नलमध्ये थराची जाडी, पृष्ठभाग, थांबलेला वेळ आणि सॉस कधी हलवला होता, सगळं लिहा. नुसतं ‘23 पास्कल’ लिहिलेलं जर्नल मी सही न करता परत देते.