कॅमेऱ्याचा खरा झूम लेन्सच्या कड्यावर वाचा

कमी पैशांत छोटा डिजिटल कॅमेरा घेताना खोक्यावरच्या झूमच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. त्यात कधी कधी डिजिटल झूमही मिळवलेला असतो, आणि डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं. ते काम फोनही करतो.

खरा हिशोब लेन्सभोवतीच्या कड्यावर छापलेला असतो.

१. मिमीमधल्या मोठ्या आकड्याला लहानाने भागा. कॅनन पॉवरशॉट एस९५ वर ६.०-२२.५ मिमी आहे, म्हणजे झूम पावणेचार पट.

२. तिथेच १:२.०-४.९ असे आकडे दिसतील. त्यातला २.० हा आकडा झूम न करता, आणि ४.९ हा झूम पूर्ण ताणल्यावर. आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. घरात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये फोटो काढायचे असतील तर झूमपेक्षा हेच आधी बघा.

३. सेकंडहँड घेत असाल तर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो पूर्ण झूम करून काढा. करडे ठिपके दिसले, तर आत धूळ गेली आहे, सोडून द्या.

जुन्या मॉडेलची बॅटरी आणि चार्जर आज मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. फुगलेली बॅटरी असेल तर ती अजिबात चार्ज करू नका.