नळाचे आठ दिवस, डासाचेही आठ दिवस: साठवलेल्या पाण्यातली डासांची पैदास कशी ओळखावी आणि कशी मोडावी

"नळ उना!" ही हाक गल्लीत उठली की धुळ्याकडचं घर हातातलं काम टाकून पाण्यामागे लागतं. टिपाडं, हंडे, घागरी, बादल्या, रंगाचे रिकामे डबे, जे हाती लागेल ते भरलं जातं. खान्देशातल्या कितीतरी गावांत नळ चार, सहा, कधी आठ-दहा दिवसांआड येतो. साठवल्याशिवाय इलाज नाही. आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यातून बाहेर पडून पंख फुटेपर्यंत पावसाळी हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे पाण्याची पाळी आणि डासाची पाळी एकमेकींना अगदी जुळून बसल्या आहेत. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि दरवर्षी मुलांना आपापल्या घरातलं पाणी तपासायला लावतो. "आमच्याकडे स्वच्छ पाणी आहे सर" असं सांगून गेलेली मुलंच दुसऱ्या दिवशी वळवळत्या अळ्यांची बाटली घेऊन येतात. एडीस डासाला, म्हणजे डेंग्यूच्या डासाला, स्वच्छ पाणीच आवडतं, हे तेव्हा त्यांना पटतं.

तपासणीला एक टॉर्च, एक पांढरी वाटी आणि चहाची गाळणी पुरते.

आधी अळ्या शोधा

टिपाडाचं झाकण हळूच काढा. धक्का लागला किंवा सावली पडली की अळ्या झरकन तळाशी जातात, आणि घाईने पाहणाऱ्याला पाणी रिकामं दिसतं. दोन मिनिटं हलू नका. अळ्यांना श्वासासाठी वर यावंच लागतं. टॉर्च तिरपा धरून कडेकडेने फिरवा आणि वाटीने वरवरचं पाणी उचला. पांढऱ्या वाटीत दोन-तीन मिलिमीटरची अळीही दिसते. उंचावरच्या टाकीत डोकावता येत नसेल, तर तिच्या नळाच्या तोंडाला पातळ पांढरं फडकं बांधून पाणी सोडा, मग फडकं उलटून बघा.

टाकीच्या तळाच्या गाळात कधी लालभडक, बारीक किडे सापडतात. ते पाहून लोक फार घाबरतात. ते डासाचे नसतात, न चावणाऱ्या एका माशीवर्गीय कीटकाचे असतात. टाकी धुवायला झाली एवढाच त्यांचा निरोप.

घर तपासताना नेहमीच्या जागांवर थांबू नका. आमच्या घरात एका पावसाळ्यात मुलाला डेंग्यू झाला. टिपाडं कोरडी, कूलर माळ्यावर, कुंड्यांखाली पाणी नाही. चौथ्या दिवशी फ्रीज पुढे ओढला तेव्हा मागच्या ट्रेमधल्या दोन बोटं पाण्यात अळ्या होत्या. ती जागा मी आजवर कधी पाहिलीच नव्हती. तेव्हापासून मुलांना सांगतो त्या यादीत फ्रीजचा ट्रे पहिला आहे. मग मनीप्लांटची बाटली, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं, गच्चीवरचं टायर, पत्र्यावरच्या ताडपत्रीची खोळ, न वापरलेल्या संडासाचा फ्लश, पाट्याचा खळगा.

मग डास कोणता ते ओळखा

वाटीतली अळी कशी राहते यावर हे कळतं. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी तरंगत असेल तर ती अॅनॉफिलीसची, म्हणजे मलेरियाच्या डासाची. तिच्या शेपटाकडे श्वासनळी नसते, म्हणून तिला आडवंच राहावं लागतं. डोकं खाली करून तिरपी लटकत असेल तर ती क्युलेक्स किंवा एडीस. क्युलेक्सच्या शेपटाकडची श्वासनळी लांब आणि बारीक, एडीसची आखूड आणि जाडसर. साध्या भिंगाने फरक कळतो. भिंग नसेल तर जागा सांगते: गटार, संडासाची टाकी, कुजकं पाणी असेल तर बहुतेक क्युलेक्स, घरातलं साठवणीचं पाणी असेल तर बहुतेक एडीस.

अळी चार वेळा कात टाकते आणि मग कोष होते. कोष स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो, काही खात नाही, पण हलतो. वाटीत कोष दिसला तर समजा, दोनेक दिवसांत डास उडणार. अशा पाण्याला उद्यापर्यंत थांबता येत नाही.

भिंतीवर बसलेला डासही ओळखता येतो. शेपूट वर करून तिरपा बसतो तो अॅनॉफिलीस. भिंतीला समांतर बसतो तो क्युलेक्स. काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतील तर एडीस, आणि तो दिवसा चावतो, सकाळी उन्ह चढण्याआधी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. टेबलाखाली पायाला चावतो, खुंटीवरच्या कपड्यांत आणि पलंगाखाली लपतो. चावणारी नेहमी मादीच असते. अंडी पिकवायला तिला रक्त लागतं, नर फुलांच्या आणि झाडांच्या रसावर जगतो.

अंडी कुठे असतात हे समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे

क्युलेक्स शंभर-दोनशे अंड्यांचा छोटासा तराफा पाण्यावर सोडते. पाणी ओतलं की तोही जातो. अॅनॉफिलीसची अंडी एकेकटी पाण्यावर तरंगतात. एडीस मात्र अंडी पाण्यात टाकत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती एकेक अंडं चिकटवते. अंडी काळी, राईपेक्षा कितीतरी लहान, डाग समजून सोडून द्यावीत अशी. ती सुकली तरी मरत नाहीत, कित्येक महिने तशीच टिकतात. पुन्हा पाणी चढून त्यांना लागलं की फुटतात.

म्हणून "आम्ही टाकी रिकामी केली" एवढं पुरत नाही. आठवड्याने पाणी भरताच भिंतीवरची अंडी पुन्हा चालू होतात. घासणं हे खरं काम आहे.

अळीचा डास किती दिवसांत होतो हे मुलांना पटावं म्हणून मी एक प्रयोग करतो. दोन-तीन अळ्या काचेच्या बाटलीत, त्याच पाण्यात, तोंडाला दुहेरी फडकं दोऱ्याने घट्ट बांधून वर्गात ठेवतो. रोज तारीख लिहून चित्र काढायचं. श्रावणात पाच-सहा दिवसांत कोष दिसतो, मग डास. पौषात हाच प्रवास पंधरवड्यावर जातो, कारण गारठ्यात वाढ मंदावते. घरी करायचं असेल तर बाटली मोठ्या माणसाच्या ताब्यात ठेवा आणि डास बाहेर यायच्या आत उकळतं पाणी ओतून संपवा.

पाणी न फेकता टिपाड कसं धुवावं

"आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा" हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे. मी तोच सांगायला गेलो तेव्हा शेजारच्या जिजी म्हणाल्या, "आठ दिनमा नळ येस, आनि तू माले पानी फेकाले सांगस?" त्यांचं बरोबर होतं. पाण्याला मोल आहे तिथे फेकायला सांगणं अन्याय आहे. त्यानंतर मी असं सांगतो.

नळ यायच्या आदल्या दिवशी टिपाडातलं उरलेलं पाणी दुहेरी सुती फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. गाळलेलं पाणी धुण्याभांड्याला, संडासाला, झाडांना वापरा. फडक्यावर उरलेल्या अळ्या-कोष कोरड्या मातीवर, उन्हात झटका. गटारात टाकू नका, तिथेही पाणी असतं. मग टिपाड काथ्याने किंवा जाड ब्रशने आतून गोल गोल घासा. पाण्याची रेषा असते तिथे आणि तिच्यावर चार बोटं जास्त जोर लावा. झाकणाची आतली बाजू आणि टिपाडाची कडही घासा. एक तांब्या पाण्याने विसळून ते पाणीसुद्धा मातीवर ओता. शक्य असेल तर उन्हात पालथं घाला. नळ आला की भरा आणि लगेच झाका.

झाकण म्हणजे फळी आडवी टाकणं नव्हे. दोन बोटांची फट डासाला दरवाजाएवढी आहे. जुन्या लुगड्याचं किंवा धोतराचं कापड दुहेरी करून तोंडावर ताणून सुतळीने किंवा रबराने आवळा. कापडातून हवा जाते, डास जात नाही. पाणी काढताना ते सोडून पुन्हा बांधायचं, हे दोन दिवसांत हाताला वळण पडतं.

दोन टिपाडं असतील तर एक वापरायचं, एक भरलेलं ठेवायचं, असं चक्र लावू नका. मागे ठेवलेलं टिपाड कुणी पंधरा दिवस उघडत नाही, आणि पैदास तिथेच होते. जुनं पाणी आधी संपवा.

श्रावणात कानबाईच्या सणाआधी घरं धुऊन, रंगवून निघतात. डेंग्यूचे दिवसही तेच. त्या सफाईत टाकी, फ्रीजचा ट्रे आणि कुंड्यांच्या ताटल्याही धरा.

कूलर

भुसावळचा मे महिना कूलरशिवाय काढणं ज्याला जमतं त्याला नमस्कार. पण कूलरच्या टबात सावली, गारवा, स्थिर पाणी आणि ओलसर भिंत हे सगळं एकत्र असतं. कडक उन्हाळ्यात बाहेर डास फार तग धरत नाही. कूलरच्या खोलीत त्याला आसरा मिळतो. चालू असताना आठवड्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करा, घासा, थोडा वाळू द्या, मग भरा.

खरी चूक जूनमध्ये होते. पाऊस पडला की कूलर तसाच माळ्यावर जातो. टबाच्या भिंतीवर आणि गवताच्या ताट्यांवर चिकटलेली अंडी सोबत जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या बादलीबरोबर फुटू शकतात. माळ्यावर चढवण्याआधी टब साबणाने खरवडून घासा, कडक उन्हात दिवसभर वाळवा, जुन्या ताट्या जाळून टाका.

गच्ची, संडास, गोठा

गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसतं का आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का, हे वर्षातून एकदा तरी बघा. संडासाच्या टाकीचा उंच हवापाइप हा क्युलेक्सचा हमरस्ता आहे. त्याच्या टोकाला नायलॉनची जाळी किंवा जुन्या मोज्याचा तुकडा तारेने बांधा. दहा रुपयांत रात्रीच्या गुणगुणीत पडणारा फरक लगेच कळतो. हाच क्युलेक्स हत्तीरोगाचे जंतू वाहतो.

गुरांची हाळ रोज वापरली जाते, पण तळ कधी सुकत नाही. तिथे, विहिरीत आणि न वापरल्या जाणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात, ते अळ्या खातात. आरोग्य केंद्रात चौकशी करा, अनेक ठिकाणी ते मिळतात. नदी-नाल्यात मात्र सोडू नका, बाहेरून आलेला मासा तिथल्या जिवांना त्रास देतो. गोठ्याचा अंधारा कोपरा अॅनॉफिलीसची दिवसाची विश्रांतीची जागा आहे. आपल्याकडच्या ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारी अॅनॉफिलीस क्युलिसिफेसीज गुरांच्या रक्तावरही जगते, म्हणून घर आणि गोठा एकच भिंत वाटून घेत असतील तर रात्री मच्छरदाणी लावाच. पावसाळा सरला की पांझरा, गिरणा, तापीच्या पात्रात वाळूत डबकी उरतात, तीही तिची आवडती. सातपुड्याच्या पायथ्याच्या संथ झऱ्यांत याच कुळातल्या दुसऱ्या जातीला जागा सापडते. डबकी आपण एकट्याने बुजवू शकत नाही, पण ग्रामपंचायतीला ती जागा बोट दाखवून सांगता येते.

धूर आणि अॅबेट

धुराची गाडी आली की लोकांना समाधान वाटतं. तो धूर त्या वेळी उडणाऱ्या डासांना मारतो, पाण्यातल्या अळीला आणि कोषाला नाही. आठवड्याने नवी फौज तयार असते. आरोग्य सेवक पाण्यात अॅबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध, टाकायला येतात तेव्हा मात्र टिपाड उघडून द्या. ठरलेल्या मापात ते साठवणीच्या पाण्यात चालतं. वास येतो म्हणून पाठ फिरताच ओतून टाकलं तर उपयोग शून्य. कोषावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून कोष दिसले असतील तर आधी गाळा.

ताप आलाच तर

ताप आला की रक्त तपासा; मलेरिया की डेंग्यू हे अंगावरून कळत नाही. डेंग्यूचा संशय असताना अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच. ताप उतरल्यावर दोन दिवस जास्त लक्ष ठेवा. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर तेव्हाच दवाखाना गाठा.

आणि रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो. तेव्हा चावलेली एडीस आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ लागते, आणि ती सहसा जन्मल्या जागेपासून काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणून घरात डेंग्यू निघाला की त्याच दिवशी टॉर्च आणि वाटी घेऊन आजूबाजूच्या दहा-पंधरा घरांत जा, आणि आपला फ्रीज ओढून बघितल्यावर त्यांचाही ओढायला हात लावा.