आधी उपकारस्तुती, मग चुका: सिस्टरांचं रोजचं आत्मपरीक्षण कसं करावं

रात्री साडेआठला आत्मपरीक्षणासाठी, म्हणजे देवासमोर दिवसाचा हिशेब पाहायला, चॅपेलमध्ये बसलं की मन सवयीने चुकांकडेच धावतं. सकाळच्या ध्यानात डुलकी लागली, सातवीतल्या मुलीवर उगाच आवाज चढला, सुपिरियरनी (मठाच्या प्रमुखांनी) सांगितलेलं पत्र टाकायचं राहिलं. पाच मिनिटांत यादी तयार होते, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणून सिस्टर उठतात, आणि चार-सहा महिन्यांत या बसण्याचाच कंटाळा येऊ लागतो. पुष्कळ नोव्हिसांचं, म्हणजे व्रत घेण्याआधी शिकत असलेल्या सिस्टरांचं, घोडं इथंच अडतं. हेतू चांगला असतो, क्रम तेवढा उलटा झालेला असतो.

जेज्वीट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेला क्रम वेगळा आहे. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिलेल्या त्यांच्या आत्मिक साधनेच्या पुस्तकात, ४३व्या परिच्छेदात, पाच पायऱ्या येतात: मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार, आपली पापं ओळखता यावीत म्हणून कृपेची मागणी, उठल्यापासून आत्तापर्यंतचा हिशेब, क्षमायाचना आणि सुधारण्याचा निश्चय. शेवटी प्रभूची प्रार्थना. आभार पहिल्या पायरीवर आहेत ते रीतभात म्हणून नव्हे. १५४२ साली आपले सहकारी सिमाँव रॉड्रिग्ज यांना लिहिलेल्या पत्रात इग्नेशियस कृतघ्नतेला सगळ्या पापांचं मूळ म्हणतात. काय मिळालं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला आपण काय नाकारलं ते उमजायचं कसं?

वेळ आणि जागा

१९८३च्या चर्च कायद्याचं ६६४वं कलम व्रतस्थांना रोज आत्मपरीक्षण करायला सांगतं. किती मिनिटं, कुठे, हे ज्या-त्या संस्थेवर सोडलेलं आहे. इग्नेशियस यांच्या वळणाच्या संस्थांत, म्हणजे मेरी वॉर्ड यांच्या परंपरेतल्या लोरेटो सिस्टर किंवा मुंबईत सोफिया कॉलेज सुरू करणाऱ्या सेक्रेड हार्टच्या सिस्टर, या साधनेची मुळं खोल आहेत. पण ती कुठल्याही मठात, कुठल्याही घरात चालते.

रात्रीच्या प्रार्थनाविधीत सुरुवातीलाच आत्मपरीक्षणासाठी थांबायचं असतं. प्रत्यक्षात तो थांबा मिनिटभराचा, कधी त्याहून कमी. पाच पायऱ्या त्यात मावत नाहीत. म्हणून पंधरा मिनिटं वेगळी काढा. भात जेवून साडेआठला बसलात तर झोप येणार. तो तुमच्या श्रद्धेचा दोष नाही, पोटाचा आहे. सायंप्रार्थना झाल्यावर, जेवणाआधी, पावणेसातच्या सुमारास बसणं पुष्कळ बरं. रात्रपाळीच्या नर्स सिस्टरचा दिवस सकाळी आठला संपतो, तर तिने तेव्हा बसावं. घंटा सगळ्यांना एकच असली तरी दिवस सगळ्यांचा एकच नसतो.

पलंगावर बसू नका. पाठ टेकेल अशी साधी खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकवा. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ पुरे. मोबाइलवर गजर लावायला जाल आणि शाळेच्या ग्रुपवर सात निरोप वाचून बसाल. शंभर पानी वही आणि पेन जवळ ठेवा.

पंधरा मिनिटांची वाटणी अशी: गप्प बसायला १, उपकारस्तुतीला ५, प्रकाश मागायला १, दिवसावरून फिरायला ५, क्षमेला २, उद्यासाठी १. पहिले पंधरा दिवस घड्याळ पाहून हीच पाळा. पुढे एखाद्या दिवशी आभारांतच दहा मिनिटं गेली तर जाऊ द्या. चुकांच्या वाट्याला मात्र पाचाची सहा करू नका.

उपकारस्तुती: इथेच खरं काम आहे

मराठी बायबलने आपल्याला ‘उपकारस्तुती’ हा फार नेमका शब्द दिला आहे. आधी उपकार ओळखायचा, मग स्तुती. पहिला भाग गाळला की उरतं ते नुसतं ‘प्रभू, आजच्या दिवसाबद्दल धन्यवाद’. यात खोटं काही नाही, पण हे वाक्य कालही असंच होतं आणि उद्याही असंच राहील.

रोज तीनच नोंदी करा. दहा लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी ‘हवा, पाणी, अन्न, आरोग्य’ सुरू होतं. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात: वेळ, माणूस, आणि त्या माणसाला ते करायला काय पडलं. ही तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. एखाद्या खेड्यातल्या मुलींच्या वसतिगृहात काम करणाऱ्या सिस्टरच्या वहीचं एक पान असं दिसेल:

‘पहाटे ५.१०. पंप बंद. वॉचमनकाकांनी विहिरीवरून चार बादल्या आणून ठेवल्या. त्यांची पाळी तोवर संपलेली.

दुपारी १.१५. पाचवीतल्या मुलीने अर्धी भाकरी पुढे केली, सिस्टर तुम्ही जेवला नाहीत म्हणून. मी नको म्हटलं.

संध्याकाळी ६. जिच्याशी माझं जमत नाही त्या सिस्टरने पाऊस यायच्या आत माझा हॅबिट (सिस्टरांचा झगा) दोरीवरून काढून घडी करून ठेवला.’

दुसऱ्या नोंदीचे शेवटचे शब्द पाहा. चूक शोधायला कुणी गेलं नव्हतं. आभार मानता मानता ‘मी नको म्हटलं’ स्वतःहून वर आलं. मुलीने प्रेमाने दिलेलं घ्यायचं सोडून सिस्टरने आपला मोठेपणा सांभाळला का? कदाचित हो, कदाचित त्या मुलीचं पोट भरावं म्हणूनच नाही म्हटलं असेल. आता पुढच्या पायऱ्यांना धरायला एक खरी जागा मिळाली. आणि तिसरी नोंद लिहिताना पेन अडखळलं असेल, तर तेही ध्यानात ठेवा.

लिहून झालं की प्रत्येक नोंदीवर क्षणभर थांबा आणि देवाला ती सांगा, जशी घरी आईला सांगाल. ठरलेली प्रार्थना लागत नाही. शब्द सुचत नसतील तर १०३वं स्तोत्र उघडा. त्याचे सर्व उपकार विसरू नको, असं स्तोत्रकार स्वतःच्याच जिवाला बजावतो.

पुढच्या चार पायऱ्या

प्रकाश मागणं एका वाक्याचं काम आहे: माझा दिवस मला तुझ्या नजरेने दाखव. हे वगळलं की हिशेब आपल्याच नजरेने होतो, आणि आपली नजर एक तर फार मवाळ असते किंवा फार कडक.

दिवसावरून फिरताना उठल्यापासून सुरुवात करा आणि तासातासाने किंवा कामाकामाने पुढे सरका: प्रार्थना, मिस्सा (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा उपासनाविधी), न्याहारी, वर्ग, जेवण, दुपारची भेट. इग्नेशियस आधी विचार, मग शब्द, मग कृती पाहायला सांगतात. सगळं खणून काढू नका. जिथे मन हललं, राग आला, सुख वाटलं, लाज वाटली, तिथेच थांबा. दोन जागा पुरतात.

क्षमा मागताना घटनेचं नाव घ्या. ‘माझ्या उणिवांबद्दल क्षमा कर’ असं मोघम बोलू नका. उद्याचा निश्चय एकच ठेवा आणि त्याला वेळ जोडा. ‘उद्या जास्त प्रेमाने वागेन’ हा निश्चय दुपारपर्यंत विरतो. ‘न्याहारीच्या वेळी त्या सिस्टरला हॅबिटबद्दल आभार सांगेन’ हा टिकतो, कारण तो झाला की नाही हे उद्या रात्री सांगता येतं.

काय बिघडतं

सगळ्यात फसवं बिघाडाचं रूप आभाराचंच असतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, प्रार्थनेची सुरुवात ‘देवा, मी तुझे आभार मानतो’ अशीच करतो आणि पुढे म्हणतो की मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच. ‘आमची कम्युनिटी त्या दुसऱ्या घरासारखी नाही म्हणून आभार’, ‘माझ्या वर्गाचा निकाल तिच्या वर्गापेक्षा चांगला लागला म्हणून आभार’ ही त्याचीच भावंडं. उपाय सोपा: नोंदीत तुलनेचा शब्द आला की ती नोंद खोडा आणि दुसरी शोधा.

दुसरा बिघाड गंभीर आहे. संत पौल थेस्सलनीका इथल्या ख्रिस्ती लोकांना ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं लिहितो. स्थितीत, स्थितीबद्दल नव्हे. कुणी अपमान केला, अंगावर आजारपण असताना काम लादलं, कुणी नको तसं वागलं, तर त्या गोष्टीचे आभार मानायला कोणताही संत सांगत नाही. अशा दिवशी वहीत काय घडलं ते तारखेसह लिहा आणि सुपिरियरना सांगा. अडचण सुपिरियरांचीच असेल तर प्रोव्हिन्शियलना (प्रांतातल्या सगळ्या मठांच्या प्रमुखांना). आणि गुन्ह्याच्या वळणाचं काही असेल तर बाहेर तक्रार करायलाही कचरू नका. उपकारस्तुती हे तोंडावर ठेवायचं झाकण नाही. नोव्हिशिएटमध्ये (नोव्हिसांच्या प्रशिक्षणात) शिकवणाऱ्यांनी हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगावं, असं आमचं ठाम मत आहे.

कोरड्या दिवसांत काहीच आठवत नाही. घरचं कुणी गेलेलं असतं, बदलीचं पत्र आलेलं असतं. तेव्हा तीन नोंदी ओढूनताणून काढू नका. शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत चर्चने ८८वं स्तोत्र ठेवलं आहे. ते शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, दिलासा देऊन संपत नाही. ते सावकाश वाचा आणि उठा. तेवढं आत्मपरीक्षण त्या दिवसापुरतं झालं.

ज्यांना पापशंका छळते, एकच चूक पुन्हा पुन्हा उकरायची सवय असते, त्यांनी पाच मिनिटांची मर्यादा कसोशीने पाळावी, आणि पापनिवेदनासाठी (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्यासाठी) शक्यतो एकाच धर्मगुरूंकडे जावं. दर वेळी नवे फादर शोधले की शंकेला दर वेळी नवा श्रोता मिळतो.

आणि सर्रास दिसणारी गोष्ट: देवाचे आभार रोज, किचनमधल्या मावशींचे वर्षातून एकदा, नाताळच्या पाकिटाबरोबर. वहीतल्या तीनपैकी एक आभार दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्या माणसाला तोंडी सांगायचे. काय केलं त्याचं नाव घेऊन सांगायचे: ‘काका, काल त्या चार बादल्या नसत्या तर मुली आंघोळीविना शाळेत गेल्या असत्या.’ येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांतला एकच, एक शोमरोनी, आभार मानायला मागे फिरून आला, तेव्हा त्याला तेवढंच अंतर पुन्हा चालावं लागलं असणार.

कुरकुरीसाठी वेगळा तक्ता

एखादी खोड मोडायची असेल तर त्याच साधनेत दुसरी, बारीक पद्धत आहे: एका वेळी एकच दोष. कुरकुर करण्याची सवय यासाठी उत्तम उमेदवार, कारण ती मोजता येते. कागदावर आठवड्याच्या सात दिवसांसाठी ओळींच्या सात जोड्या काढा. सकाळी उठताच मनाशी ठरवा. दिवसात कुरकुर तोंडून गेली की छातीला हलकेच हात लावा. कुणाच्या लक्षातही येत नाही. दुपारच्या जेवणानंतर वरच्या ओळीवर तितके ठिपके, रात्रीच्या जेवणानंतर खालच्या ओळीवर. मग दुपार रात्रीशी, आज कालशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहा. इग्नेशियस यांच्या आकृतीत ओळी दिवसागणिक आखूड होत जातात, कारण ठिपके कमी पडावेत ही अपेक्षा. पहिल्या आठवड्यात बहुधा ते वाढतात. कुरकुर वाढलेली नसते, ती ऐकू यायला लागलेली असते.

दिवसभरातल्या तयार जागा

नवं काही शोधायची गरज नाही. मिस्सामध्ये अर्पणानंतर धर्मगुरू आभार मानायला बोलावतात आणि आपण ते योग्य असल्याचं उत्तर देतो. तिथे कालच्या वहीतली एक नोंद मनात धरा. ‘युखारिस्त’ या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. सायंप्रार्थनेत मरियेचं गीत येतं तेव्हा दुसरी. जेवणाआधीची प्रार्थना मात्र पाठ झाल्यामुळे सुसाट जाते; आठवड्यातून एकदा, शुक्रवारी म्हणा, त्यात पोळ्या लाटणाऱ्यांचं नाव जोडा आणि वेग आपोआप उतरतो.

देणगीदारांची पत्रंही याच खात्यातली. आठ दिवसांच्या आत पाठवा, चार ओळींत: किती मिळालं, त्यातून काय घेतलं, ते कुठे वापरात आहे. ‘आपल्या २,००० रुपयांतून मुलींसाठी चार सोलापुरी चादरी आल्या, धाकट्या खोलीत दिल्या’ हे छापील कार्डापेक्षा लाख पटीने बरं. पैसे संस्थेचे, म्हणून पावती आधी, पत्र नंतर.

महिन्याच्या रिट्रीटच्या, म्हणजे एकांतात प्रार्थनेत घालवायच्या, दिवशी वही उघडून महिनाभराच्या नोंदी एकदम वाचा. कुणाचं नाव वारंवार येतं आणि एकाच छताखाली राहून कुणाचं एकदाही आलं नाही, हे तेव्हाच दिसतं. ते न आलेलं नाव पुढच्या महिन्यासाठी घ्या.

वहीत माणसांची नावं आणि घरातल्या गोष्टी असतात, त्यामुळे ती टेबलावर पडू देऊ नका. बदली झाली की कोरी पानं बरोबर न्या आणि लिहिलेली फाडून जाळा. आभारांची पानं ठेवावीशी वाटतात, पण मागच्या बाजूला बहुधा दुसरंच काही लिहिलेलं असतं.