टेट्रासीनच्या फिल्ममध्ये सिंगलेट फिशन होतंय का, कसं ओळखायचं

टेट्रासीनसारखं (चार बेंझीन रिंगा एका ओळीत जोडलेला रेणू) ऑरगॅनिक सेमीकंडक्टर हातात आलं की बरेच जण थेट लेसरकडे धावतात, पण आधी कागदावर दोन आकडे मांडा. सिंगलेट एक्सायटॉनची (प्रकाश शोषून रेणूत तयार होणारी, एकूण स्पिन शून्य असलेली उत्तेजित अवस्था) एनर्जी ट्रिपलेटच्या (एकूण स्पिन एक असलेली, कमी एनर्जीची उत्तेजित अवस्था) दुपटीच्या जवळपास तरी हवी, कारण एका फोटॉनने तयार झालेला सिंगलेट शेजारच्या शांत बसलेल्या रेणूबरोबर एनर्जी वाटून घेतो आणि दोघांवर एकेक ट्रिपलेट येतो, यालाच सिंगलेट फिशन म्हणतात. पेंटासीनमध्ये (तसाच, पण पाच रिंगांचा रेणू) सिंगलेट साधारण 1.83 इलेक्ट्रॉनव्होल्ट, ट्रिपलेट 0.86, म्हणजे आरामात जमतं, फिशन 100 फेम्टोसेकंदांच्या आत उरकतं (हजार फेम्टोसेकंद म्हणजे एक पिकोसेकंद). टेट्रासीनमध्ये 2.3 आणि 1.25, म्हणजे एनर्जी जराशी कमीच पडते, तरी फिशन होतंच, फक्त पिकोसेकंद लागतात. दोन ट्रिपलेटच्या जोडीचा एकूण स्पिन सुरुवातीला शून्यच असतो, स्पिन उलटवावा लागत नाही, म्हणून एवढा स्पीड.

आता फिल्म. पातळ सोल्युशन छान चमकतं आणि फिल्म मंद दिसते, एवढ्यावरून फिशन झालं म्हणू नका, डिफेक्टमुळेही चमक मरते. मला खात्रीची वाटते ती मॅग्नेटची टेस्ट. काचेवरची फिल्म नायट्रोजनमध्ये ठेवा (हवेत प्रकाश पडला की टेट्रासीन ऑक्सिडाइज होतं), निळ्या लेसरची पॉवर कमी ठेवा, बाहेर येणारा हिरवा प्रकाश मोजत राहा आणि मॅग्नेटिक फील्ड हळूहळू वाढवा. आधी चमक किंचित उतरते, मग साधारण 50 मिलिटेस्लाच्या पुढे चढायला लागते आणि काही दशांश टेस्लापर्यंत जाऊन स्थिरावते. ट्रिपलेटच्या जोडीच्या नऊ स्पिन स्टेट असतात, जास्त फील्डमध्ये त्यातल्या कमी स्टेटमध्ये सिंगलेटचा अंश उरतो, त्यामुळे फिशन मंदावतं आणि वाचलेले सिंगलेट प्रकाश देतात. अशा आकाराचा कर्व्ह आला तर मन लावून रिपीट करा, फील्ड शून्यावर आणून मूळ चमक परत मिळते का तेही बघा, नाहीतर फिल्म खराब होतेय.

पेंटासीन जवळजवळ चमकतच नाही, तिथे सोलर सेल बनवून फोटोकरंट मोजा, जास्त फील्डमध्ये तो कमी व्हायला हवा. 2013 मध्ये एमआयटीच्या ग्रुपने पेंटासीनच्या सेलमध्ये 109 टक्के एक्स्टर्नल क्वांटम एफिशियन्सी (सेलवर पडलेल्या दर 100 फोटॉनमागे 109 इलेक्ट्रॉन) दाखवली तेव्हा फील्डचाही आधार घेतला होता.

आणि पंप-प्रोबमधल्या (एका लेसर पल्सने उत्तेजित करून दुसऱ्याने शोषण मोजायची पद्धत) ट्रिपलेटच्या पीकची उंची बघून सरळ 200 टक्के यील्ड, म्हणजे एका सिंगलेटमागे दोन ट्रिपलेट, लिहू नका. आधी सेन्सिटायझर (आपली ट्रिपलेट एनर्जी दुसऱ्या रेणूला देणारा पदार्थ) वापरून त्याच रेणूच्या ट्रिपलेटचं शोषण किती ते वेगळं मोजा, मगच आकडा टाका.