स्पायना बायफिडा असलेल्या मुलाला शाळेत घालताना

मूल घडाघडा बोलतं, कविता तोंडपाठ म्हणतं आणि साध्या वजाबाकीला अडतं. मग शाळेतून ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. तो बहुधा चुकीचा असतो. स्पायना बायफिडा म्हणजे गर्भातच पाठीचा कणा नीट न जुळण्याचा जन्मजात दोष. तो असलेल्या बहुतेक मुलांची बुद्धी सर्वसाधारण असते. पण डोक्यात पाणी साचून शंट (ते पाणी बाहेर वाहून नेणारी नळी) बसवावा लागला असेल, तर भाषा आणि पाठांतर पुढे जातं. आकडेमोड, वाचलेल्याचा अर्थ लावणं, आपणहून कामाला लागणं मागे राहतं. शंटला जंतुसंसर्ग होऊन गेला असेल तर अडचणी वाढू शकतात.

म्हणून बुद्धिचाचणी केल्यावर नुसता आयक्यूचा आकडा घेऊन घरी येऊ नका. भाषिक आणि कृतीच्या चाचण्यांचे गुण वेगवेगळे मागा आणि तो कागद वर्गशिक्षिकांना दाखवा.

गणिताला चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एकच अंक, हातचा वरच्या चौकटीत लाल पेनाने. ४२ वजा १७ चं उत्तर ३५ आलं, तर मुलाने ७ मधून २ काढलेत. वजाबाकी येते, रीत सुटली आहे. अशा वेळी आणखी वीस गणितं घालून काही साधत नाही. रीतीच्या पायऱ्या पुठ्ठ्यावर लिहून समोर ठेवा, पानावर चारच गणितं द्या, चालू गणित सोडून बाकीचं झाका. फळ्यावरून उतरवायला हात पुरत नाही, तेव्हा छापील टिपणं मागा. सूचना एका वेळी एकच.

लघवी काढायला कॅथेटर (बारीक नळी) लागत असेल, तर तो साधारण दर ३-४ तासांनी लावायचा असतो, म्हणजे शाळेच्या वेळात एकदा तरी. लघवीची जाणीव नसल्याने मूल स्वतःहून सांगणार नाही. वेळ ठरवून ठेवा. कडी लागणारं स्वच्छतागृह, नळ आणि सामान ठेवायला फळी एवढं पुरतं. ही कटकट टाळायला मुलं पाणीच पीत नाहीत, मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि आठवडाभर शाळा बुडते. वाढदिवसाचे फुगेही वर्गात नकोत: या मुलांत लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी बरीच आढळते. हातमोजे, कॅथेटर लॅटेक्सविरहितच घ्या.

अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचा दाखला असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक हवा असेल तर अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ होते.

शंट असल्यास वर्गशिक्षिकांकडे लेखी चिठ्ठी द्या: डोकेदुखी, उलटी, गुंगी दिसली तर लगेच फोन करा, वाट पाहू नका. शंट हळूहळूही बंद पडतो. अक्षर बिघडलं, गुण घसरू लागले, मूल चिडचिडं झालं, तर शिकवणी लावण्याआधी न्यूरोसर्जनला दाखवा.