वाहून गेलेलं बेट पुन्हा उभारताय? या चुका टाळा

कन्हान किंवा वैनगंगेतलं बेट खचलं की उपाय ठरलेला असतो: मुरूम टाका, वर झाडं लावा. पहिल्या मोठ्या पुरात दोन्ही जातात. बेट कशानं कापलं ते आधी पाहा. वाहत्या पात्रात धार वरच्या टोकाला खाते. गोसीखुर्द किंवा नवेगाव खैरी धरणाच्या फुगवट्यात लाटा खातात, तेही ज्या बाजूला सगळ्यात लांब मोकळं पाणी असतं तिथं.

अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचे बेट-बांधणीचे आराखडे जसेच्या तसे उचलू नका. १९३० च्या दशकातल्या बंधाऱ्यांनंतर तिथली बेटं लाटांनी झिजली. १९८६ ला मंजूर झालेल्या नदी-सुधार कार्यक्रमातून बरीच पुन्हा बांधली. तिथं पाण्याची पातळी फारशी हलत नाही. आपल्या धरणात ती उन्हाळ्यापर्यंत कितीतरी खाली जाते, म्हणून दगडाची एक ओळ लावून भागत नाही, सगळा उतार झाकावा लागतो.

सगळ्यात महागात पडते काळी माती. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि पुढच्या पाण्यात त्याच भेगांतून ढासळते. गाभा रेतीचा ठेवा, वर २०-३० सेंटिमीटर गाळ, पाण्याकडचा उतार १:५ (एक मीटर उंचीला पाच मीटर आडवा) किंवा त्याहून सपाट. रेती परवानगीची, आणि बेटाच्या पायथ्यालगतची तर मुळीच नको. पायथाच त्या खड्ड्यात घसरतो.

दगडाखाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, हवंच. गॅबियनची (दगड भरायच्या तारेच्या पेटीची) जाळी १०×१२ सेंटिमीटरची असेल तर दगड १५ ते २५ सेंटिमीटरचे घ्या. दगड जागच्या जागी आणि मागचा भराव मात्र बसतोय? कापडाचा जोड उघडलाय. वरून रेती ओतत बसू नका. तेवढे दगड काढा, कापड अर्धा मीटर एकमेकांवर चढवून पुन्हा अंथरा. काठाला समांतर भेग पडली असेल तर पायथा सरकलाय, दुरुस्ती खालून सुरू करा.

उतारावर वाळुंजाच्या (नदीकाठी वाढणाऱ्या झाडाच्या) बोटभर जाड काड्या लावा, दोन तृतीयांश जमिनीत, टोक ओलीपर्यंत. बेशरम पटकन धरते म्हणून लावायचा मोह होतो. ती नंतर निघत नाही.

अख्खं बेट हिरवं करायचा हट्टही नको. नदी सुरय हा पक्षी उघड्या रेतीवरच अंडी घालतो, म्हणून माथ्याचा काही भाग गाळ न टाकता मोकळा सोडा आणि काम जानेवारीअखेर आटपा. बेटाखालचा डोह बुजवू नका, उन्हाळ्यात मासे तिथंच तगतात. उथळ कडेचं गवतही राहू द्या, मरळ त्यातच घरटं करते. बेट आणि काठ यांच्यामधला पाण्याचा फाटा एप्रिलमध्ये कोरडा पडत असेल तर तो आधी खोल करा, नाहीतर कुत्री चालत जाऊन अंडी खातात.